वधूपित्याचा स्मितासुर

१८ जुलै, निपाणी

मागची वही जूनमध्ये संपली. ही नवी आहे, तेव्हा हिला चार गोष्टी पहिल्यापासून सांगाव्या लागणार. मी सन्मती उपाध्ये, वय एक्कावन्न, एका दैनिकाचा निपाणी-बेळगाव भागाचा वार्ताहर. गुरुकुलात सात वर्षं संस्कृत शिकलो आणि आता ऊस परिषदांच्या बातम्या लिहितो. वहीला एवढं पुरे.

आज सकाळी जिनपाल खोत मागच्या दारानं आला आणि थेट स्वयंपाकघरात पाटावर बसला. गुरुकुलात आमच्या वळकट्या शेजारी शेजारी असत, त्यामुळे पुढचं दार त्याला माहीतच नाही. जिनपाल म्हणजे टीव्हीवरचा मुलीचा बाप. कोल्हापुरात चित्रीकरण होणाऱ्या मराठी मालिकांत अठरा आणि हुबळीकडच्या कन्नड मालिकांत अकरा मुली त्यानं आजवर सासरी धाडल्या. खांद्यावर उपरणं, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि वाक्य एकच: "पोरीला सांभाळा." कन्नडमध्येही तेच. घरी एकुलता एक मुलगा आहे, तो बेंगळुरूला.

"सन्मत्या, हे बघ काय आलंय," म्हणून त्यानं मोबाइल पुढे केला.

पुण्याची एक कंपनी 'पोलादी पिंगळा'वर वेब मालिका काढते आहे, आणि स्मितासुराच्या भूमिकेसाठी जिनपालनं दोन मिनिटांचा अभिनय मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवावा, असा निरोप होता.

मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

"छान," मी म्हणालो. "खूपच छान."

माझ्या बायकोनं, अनुराधानं, शेगडीपाशी वळून माझ्याकडे पाहिलं. ती तिसरीच्या वर्गाला गणित शिकवते. माणसांकडेही हातचा राहिलाय का अशाच नजरेनं बघते.

२० जुलै

स्मितासुर कोण, हे वहीला सांगायचं राहिलं. आमच्या लहानपणी 'पोलादी पिंगळा' हे चित्रकथांचं पाक्षिक येई. बेचाळीस अंक निघाले. नायक पिंगळा हातातलं लोखंडी कुडमुडं वाजवून गुंडांना लोळवी. पण आम्ही वाचत असू ते त्याच्या वैऱ्यासाठी. पांढरा सदरा, काळी छत्री. स्मितासुर कधी ओरडला नाही, कुणावर हात उचलला नाही. तो फक्त हसे आणि स्तुती करी. ज्याची त्यानं स्तुती केली तो माणूस पुढच्या पानावर संपलेला असे. पूल बांधणाऱ्याची केली, पूल कोसळला. पैलवानाची केली, पैलवान आखाड्यात उतरलाच नाही.

बेचाळीसपैकी एकेचाळीस अंक माझ्या पेटीत आहेत. सतरावा, म्हणजे स्मितासुर पहिल्यांदा येतो तो, जिनपालनं नववीत वाचायला नेला आणि हरवला. मी तो विषय काढत नाही. वर्षातून एकदोनदा सोडल्यास.

आणि हेही लिहून ठेवतो. गुरुकुलाच्या संमेलनात खलनायक मी होतो. ढाल मला मिळाली होती. जिनपाल त्या नाटकात नव्हताच. राजकन्येचा बाप झालेल्या मुलाला ऐनवेळी गालफुगी झाली म्हणून ह्याला दाढी चिकटवून उभा केला. तो रडला. बायका रडल्या. तिथून त्याचं जे सुरू झालं ते झालं. मत्सर हा शब्द मी इथे लिहीत नाही, कारण तो लागू नाही. फक्त क्रम सांगतो आहे.

२३ जुलै

जिनपाल आता रोज संध्याकाळी सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपून येतो. स्मितासुराचं मराठी संस्कृतप्रचुर आहे आणि ह्याची जीभ निपाणीच्या बाजारात वाढलेली. मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडतो.

"लई अवघड हाय रं," तो म्हणतो.

"अवघड काही नाही. तुझ्या आवाजात जो एक नैसर्गिक ओलावा आहे ना, तो फक्त काढून टाक. म्हणजे जे उरेल ते."

"काय उरंल?"

"तेच बघायचं."

आज त्याला व्याजस्तुती समजावून सांगितली. वरून स्तुती आणि आत निंदा. स्मितासुराचं सगळं शस्त्रागार एवढ्यावर उभं आहे. त्यानं शाळकरी वही काढली.

"उदाहरण दे की."

"तुझा अभिनय इतका सहज आहे, जिनपाल, की तो अभिनय आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही."

"आणि एक."

"एकाच वाक्यावर बावीस वर्षं संसार चालवणं ही साधना आहे. आम्हाला रोज नवी वाक्यं लागतात, आम्ही सामान्य."

मी अशी सात-आठ सांगितली. सुचतच गेली. तो लिहून घेत होता आणि मान वर करून माझ्याकडे बघत होता, आणि मधूनमधून त्याचा तो खोकला, दोनदा आखूड, एकदा लांब. बापाच्या तंबाखूच्या वखारीत बालपण गेलं, त्याची ही मिळकत. शिष्य म्हणून वाईट नाही. गुरूकडे असं टक लावून बघणारे विद्यार्थी आता राहिले कुठे?

२७ जुलै, बेळगाव

खडेबाजारात जिनपालला घेऊन त्याच्यासाठी पांढरा सदरा आणि छत्री घ्यायला गेलो. दोन दुकानं पुढे गेलो नाही तोच एका कापडवाल्यानं उडी मारून त्याला आत ओढलं.

"बर्री, बर्री, कुंडरी! या, बसा! अवो, पोरीचे बाबा आले बघा!"

आत दिवाळीनंतरच्या लग्नाचा बस्ता चालू होता. हलग्याकडचं कुटुंब. नवरीच्या आईनं शालू तसाच उचलून जिनपालपुढे धरला. "पहिला हात तुमचा लागू दे हो. आमच्या जावेच्या पोरीच्या बस्त्याला तुमी लावलता, लई चांगलं चाललंय तिचं." ह्या भागात ही चाल कधी पडली, मला माहीत नाही. मी बातमी करणार होतो, केली नाही. जिनपालनं शालूवर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं, तेच तर. त्या बाईचंही आलं. दुकानदारानं चहा मागवला.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे कोण? तुमचे मॅनेजर काय?"

जिनपाल म्हणाला, "न्हाय, न्हाय. माझे गुरुजी."

"छान," मी म्हणालो. "खूपच छान दुकान आहे. इतकी गर्दी, आणि तरी माल तोच!"

दुकानदार खूश झाला. जिनपाल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. परतीच्या बसमध्ये त्यानं वही काढून काहीतरी लिहिलं. हिशेब असावा.

२ ऑगस्ट

काही नाही. जिनपाल आला, गेला. दाराबाहेर थांबून छत्री मिटायचा सराव करत होता. शेजारच्या गुणाबाईंनी त्याला पावसात भिजला असेल म्हणून घरात बोलावून पोहे दिले. असा हा खलनायक.

९ ऑगस्ट

पहिली फीत पाठवली होती. समोरचे संवाद, म्हणजे पिंगळ्याचे, कॅमेऱ्यामागून मी वाचले. मी म्हटलं, दोष राहायचाच तर माझ्या बाजूनं नको.

आज उत्तर आलं. नटांची निवड करणारी मुलगी समता. ती आमच्या निपाणीच्या तानीबाई कांबळेंची नात. तानीबाईंनी तंबाखूच्या वखारीत जन्म काढला, मी त्यांच्यावर एकदा लिहिलं होतं. नात पुण्यात बसून नट पारखते. तिनं लिहिलं होतं: "काका, हा स्मितासुर पिंगळ्याला संपवायला आलाय असं वाटत नाही. मुलगी द्यायला आलाय असं वाटतंय. माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्या वरचे लोक हसले. दहा सप्टेंबरपर्यंत अजून एकदा पाठवा. मग मला काही करता येणार नाही."

जिनपालनं हे मला वाचून दाखवलं आणि मोबाइल पालथा घातला.

"सन्मत्या, बावन्नावं लागंल मला आता. ह्यात न्हाय जमलं तर तिसावी पोरगी लावून द्यायची आणि मग कुणाचा तरी आजा. आज्याला वाक्यच नसतंय. नुसतं कॉटवर पडायचं."

मला वाईट वाटलं. दुपारी तीनच्या सुमाराला ते पुष्कळ कमी झालं.

१७ ऑगस्ट

एक लहानशी गोष्ट. जिनपालला उच्चारांचा नमुना ऐकायला मिळावा, एवढ्याच हेतूनं मी आज स्मितासुराचा प्रवेश स्वतः रेकॉर्ड केला. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. पांढरा सदरा होताच. संमेलनातला आवाज काढायला थोडा वेळ लागला, पण मग तो आला. भुवया अजून तशाच उचलतात.

अनुराधा शाळेतून आली. "अहो, हळू. कोपऱ्यावर ऐकू येतंय. गुणाबाई विचारत होत्या, कुणाशी भांडण झालं?"

"स्मितासुर आहे हा."

"स्मितासुर ओरडतो?"

फीत जिनपालला दाखवली नाही. त्याचा आत्मविश्वास खचला असता. समताला पाठवली. 'केवळ संदर्भासाठी' असं खाली लिहिलं. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचे अर्थ अनेक होतात.

२० ऑगस्ट

समताचा पुढे निरोप नाही. मोठ्या कंपन्यांत वेळ लागतो.

३० ऑगस्ट

पर्युषणाचा तिसरा दिवस. दशलक्षणांतला आजचा धर्म उत्तम आर्जव: मनात असेल तेच ओठांवर असावं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचन माझं होतं. उपाध्यांच्या घरचा म्हणून दरवर्षी एक दिवस मला देतात. चांगलं झालं. कुटिलतेची तुलना मी सापाच्या चालीशी केली आणि म्हटलं की तोही बिळात शिरताना सरळ होतो. लोकांनी माना डोलावल्या. जिनपाल मात्र नव्हता. पर्वाच्या दिवसांत पुण्याला गेलाय म्हणे. त्याची आई, धोंडूआक्का, माझ्यापाशी तक्रार करत होत्या: "एक वेळच जेवायचं व्रत सोडून गेलाय बघ, त्या राक्षसापायी."

घरी येतो तो समताचा फोन.

"सर, तुम्ही काकांना पस्तीस-चाळीस वर्षं ओळखता. मोकळेपणानं सांगा. त्यांच्यात थोडं तरी विष आहे का? मला वरच्या लोकांना काहीतरी सांगावं लागेल."

मी जे बोललो ते इथे नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी काही म्हणायला नको.

मी म्हणालो, "समता, तू फार निर्मळ माणसाबद्दल विचारते आहेस. एवढा निर्मळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्याकडून दुष्टपणा करवून घेणं मला तरी क्रूरपणाचं वाटेल. तो तुला नाही म्हणणार नाही, भिडस्त आहे. म्हणून तूच त्याला मोकळं कर. लोक त्याच्या हातानं बस्त्याचा पहिला शालू उचलतात. हे जे त्याला मिळालंय ते कुठल्या भूमिकेनं मिळत नाही. ते आपण का मोडावं? मी मित्र म्हणून बोलतो आहे. त्याचं हसं झालेलं मला बघवणार नाही."

पलीकडे कुणीतरी खोकलं, दोनदा आखूड, एकदा लांब. पुण्याची हवाही बिघडलीच आहे.

"थँक यू सर," समता म्हणाली. "फार उपयोग झाला."

एकही वाईट शब्द माझ्या तोंडून गेला नाही. फीत पाहिलीस का, हेदेखील मी विचारलं नाही.

७ सप्टेंबर

रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला. 'निर्मळ जिनपाल'. पाऊण पान, फोटोसह. फोटो हात जोडलेला निवडला. त्याच्या सद्गुणांची यादी करताना जागा पुरेना. "ज्याच्या मनाला कपटाचा स्पर्श कल्पनेतही होऊ शकत नाही," हे वाक्य संपादकांनी ठळक अक्षरांत उचललं. समताला दुवा पाठवला.

अनुराधानं पेपर वाचला, घडी घातली आणि तो दिवसभर फ्रिजवर ठेवला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"काही शिल्लक ठेवलं नाहीत त्याचं," ती म्हणाली.

ती सहसा कौतुक करत नाही.

८ सप्टेंबर, क्षमावाणी

आजचा दिवस सगळ्यांना माफी मागण्याचा. वर्षभरात जाणता-अजाणता जे दुखावले असतील त्यांना "उत्तम क्षमा" म्हणायचं. सकाळी मी एकशे चौऱ्याऐंशी जणांना एका दमात पाठवून टाकलं. संस्कृत श्लोकासह. श्लोक माझाच.

दहाच्या सुमाराला जिनपाल आला, पुढच्या दारानं. बरोबर धोंडूआक्का. मला जरा नवल वाटलं. आक्का अनुराधाबरोबर आत गेल्या. जिनपाल बसला नाही.

"सन्मती," तो म्हणाला. सन्मत्या नाही. "उत्तम क्षमा. रीत म्हणून न्हाय मागत. खरंच मागतोय. तुझं एक घेतलंय मी, तुला न इचारता."

मला गहिवरून आलं. छत्तीस वर्षांनी का होईना!

"सतराव्या अंकाचं मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो. "मी तुला केव्हाच क्षमा केली."

तो हसला. हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही. उपवासानं थकला असेल.

"ते न्हाय रं. पर राहू दे. माफ केलंस म्हणालास, पुरे." मग थोडा थांबला. "तुला काय मागायचं न्हाय माझ्याकडं?"

"मला?" मी चष्मा काढून पुसला. "मला काय मागायचं? मी तर तुझं कौतुकच केलंय. पाऊण पान."

"व्हय," तो म्हणाला. "वाचलं."

दारात अनुराधा लाडवांची ताटली घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. जाताना जिनपालनं तिला वाकून नमस्कार केला आणि "वहिनी, उत्तम क्षमा" म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही कशाला, भाऊजी?" तिचा 'तुम्ही'वरचा जोर मला अनावश्यक वाटला.

दुसरी फीत त्यानं आज सकाळीच पाठवली म्हणे. समोरचे संवाद वाचायला मला बोलावलं नाही. धोंडूआक्कांना बसवलं होतं! माझ्या जागी! माझ्या परीनं मी विषय बंद केला आहे.

१९ सप्टेंबर

मिळाली त्याला.

एवढंच लिहून वही मिटली होती, पुन्हा उघडली.

जिनपालला स्मितासुराची भूमिका मिळाली. वरच्या लोकांनी फीत दोनदा बघितली आणि त्यांच्यातल्या एकानं म्हणे विचारलं, "हा माणूस खरंच चांगला आहे ना? मला भेटायला जायची भीती वाटते."

संध्याकाळी त्याच्या घरी सगळ्यांना फीत दाखवली. मी, अनुराधा, धोंडूआक्का. मोबाइल टीव्हीला जोडला.

प्रसंग असा: पूल बांधणारा तरुण इंजिनीअर स्मितासुरापुढे नकाशे पसरतो. जिनपाल पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर बसलाय. छत्री नाहीच. तो नकाशे बघतो. बराच वेळ. मग डोळ्यांवरचा चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकानं पुसतो, पुन्हा लावतो.

"छान," तो म्हणतो. "खूपच छान."

आणि मान किंचित डावीकडे कलवून, अगदी आपुलकीनं: "तुमच्यासारखा निर्मळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमचं हसं झालेलं मला बघवणार नाही."

बस्स. टीव्हीवर आणखी काही नव्हतं. त्या इंजिनीअरचं पुढच्या पानावर काय होणार, हे मला सतराव्या अंकाशिवायही कळलं.

धोंडूआक्का डोळे बारीक करून बघत होत्या. "अगं बया, ह्यो तर आपला..." त्या म्हणाल्या, आणि अनुराधानं त्यांच्या हातात पाण्याचं भांडं दिलं. त्यांना तहान नव्हती.

माझं मत विचारलं. मी प्रामाणिकपणे दिलं. अभिनय प्रभावी, पण तपशील कृत्रिम. चष्मा पुसण्याची ती लकब नाटकी वाटते; प्रत्यक्षात कुणी बोलायच्या आधी असा चष्मा पुसत बसत नाही. हे मी चष्मा पुसता पुसता सांगत होतो, त्यामुळे कुणाचा चेहरा मला नीट दिसला नाही.

एक मात्र खरं. हा माणूस मी कुठेतरी पाहिलाय. चिकोडीच्या तहसील कचेरीत असावा.

२१ सप्टेंबर

चिकोडीचा तो कारकून नव्हे. तो चष्मा लावत नाही.

२४ सप्टेंबर

अनुराधाला विचारलं, जिनपालनं तो माणूस कुठला उचलला असेल? ती गवारीच्या शेंगा मोडत होती.

"तुम्हीच शोधा," ती म्हणाली.

'निर्मळ' हा शब्द पटकथेत कसा आला, हेही एक कोडं आहे. मूळ अंकांत तो नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस पाहिले.

२६ सप्टेंबर

ऊस परिषद. साखर कारखान्याच्या अध्यक्षांचं भाषण संपल्यावर मी त्यांना म्हणालो, "छान. खूपच छान." त्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले. मी तिथेच उभा राहिलो. बातमीत त्यांचं नाव चुकलं.

१ ऑक्टोबर

तीस ऑगस्टची नोंद आज काढून वाचली. चार वेळा. खोकल्याची ओळ पाच वेळा.

४ ऑक्टोबर

जिनपाल आज सकाळी पुण्याला गेला. तीन महिन्यांचं काम. बस सव्वासातची. स्टँडवर त्याच्याभोवती दहाबारा लोक होते, एक म्हातारी त्याचा हात हातात घेऊन, "नातीच्या लग्नाला तरी येशील नव्हं?" असं विचारत होती. त्याला राक्षसाचं काम मिळालंय हे अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

मी कडेला उभा होतो. लोक पांगल्यावर तो माझ्याकडे आला. नवी बॅग, जुनं उपरणं.

"आलास व्हय? मला वाटलं, बातमीला गेला असशील."

मला म्हणायचं होतं की मी रात्रीपासून वाक्यं जुळवतो आहे. संस्कृतात दोन जमलीसुद्धा. त्याऐवजी तोंडातून निघालं, "छान..." आणि हात चष्म्याकडे गेला. चष्मा उतरला. सदऱ्याचं टोक दुसऱ्या हातात आलं.

आणि तिथेच हात थांबला.

जिनपाल बघत होता. गेले दोन महिने समोरच्या खुर्चीवर बसून बघत होता तसाच. चष्म्याविना तो मला धूसर दिसत होता, तरी ते बघणं दिसलं.

मी म्हणालो, "जिन्या, समतानं फोन केलता तवा मीच सांगितलं तिला, तुला काम देऊ नको म्हणून."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी तिथंच बसलोतो. तिनं स्पीकरवर ठेवलता."

"खोकलास."

"व्हय. ऱ्हावलं न्हाय." त्यानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पैल्यांदा लई लागलं. तिथल्या जिन्यावर जाऊन बसलो. रडायला येईना. बावीस वर्षं म्हणंल तवा रडलोय मी, त्या दिवशी एक थेंब आला न्हाय. म्हणलं, ह्योच की! जे म्हैनाभर घावंना ते ह्योच."

"म्हणून क्षमा मागायला आलतास?"

"तुझी लकब हाय ती, सन्मत्या. इचारून घ्यायला पायजे होती. पर इचारलं असतं तर तू दिली नसतीस."

बस लागली. कंडक्टर "कोल्हापूर, सातारा, पुणे" ओरडू लागला. माझ्याजवळ तीनेक मिनिटं होती, आणि वाक्य एकच उरलं होतं, ते संस्कृतात नव्हतं.

"जिन्या, चुकलं माझं. तुझ्यावरच्या लेखाचं, त्या फोनचं, सगळंच. त्या दिवशी तू मागितलंस आणि मी..." मी सदऱ्याचं टोक सोडून दिलं. "मला तो पाहिजे होता. स्मितासुर. मी ती फीत पण पाठवलीती समताला. माझी."

"ती पण दावली मला तिनं," तो म्हणाला. "लई वरडतोस तू."

मी हसलो. मला वाटतं तोही हसला असावा. पायरीवर चढून तो वळला. उपरणं सारखं केलं. मान किंचित डावीकडे कलवली.

"छान," तो म्हणाला. "खूपच छान माफी मागितलीस."

दार लागलं. बस निघाली.

तो नट बोलला की जिनपाल, हे मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन अनुराधाला सगळं सांगितलं, त्याच्या आवाजासकट. तिला विचारलं, तो गमतीनं म्हणाला असेल ना? ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तेव्हा आम्हाला तरी कुठे कळतं?" आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

चहाची वाफ चष्म्यावर बसली आहे. अक्षरं नीट दिसत नाहीत. पुसायला गेलो तर सदरा हाताशी येतो, म्हणून तसाच लिहितो आहे.